संगणक पडला की पाडला?

शेजारच्या काकांचा फोन आला तो वैतागलेल्या आवाजातच. "अरे, आज परत रीस्टार्ट झाला. रिटर्न भरत होतो, अर्ध्यातच सगळं गेलं." कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झाला होता, दोन्ही वेळा पैसे देऊन. दोन-चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. आता नवीनच घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. मी म्हटलं, "काका, आधी एक वही घ्या."

वहीत तीन गोष्टी लिहायच्या. बंद पडल्याची तारीख-वेळ, त्या क्षणी संगणकावर काय चालू होतं आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. मिक्सर, गीझर, इस्त्री, एसी, इमारतीची लिफ्ट, यातलं काही सुरू झालं होतं का? दिवे क्षणभर मंद झाले का? आठवडाभर एवढंच करायचं, पेचकस हातात घ्यायचा नाही. हां, एक काम मात्र त्याच दिवशी उरकून घ्यायचं: फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायची. पुढे काय निघेल याचा नेम नसतो.

फॉरमॅटवर माझा राग आहे तो उगाच नाही. बिघाड सॉफ्टवेअरचा असेल तर फॉरमॅटने तो जातो, हे खरं. पण बिघाड विजेचा किंवा एखाद्या सुट्या भागाचा असेल, तर फॉरमॅटने जातात ते फक्त पुरावे. विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद स्वतः ठेवत असते. डिस्क पुसली की ती नोंदही पुसली जाते.

त्या नोंदी वाचण्याआधी एक भेद समजून घेऊ, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. संगणक अचानक रीस्टार्ट होतो तेव्हा दोनपैकी एक घडलेलं असतं. एक तर विंडोजला आत काहीतरी भयंकर चुकलेलं दिसलं आणि तिनेच ठरवून काम थांबवलं. नाही तर तिला काही कळायच्या आत पायाखालची वीजच गेली. पहिल्या प्रकारात मरणाऱ्याने चिठ्ठी लिहून ठेवलेली असते, दुसऱ्यात चिठ्ठी लिहायला वेळच मिळालेला नसतो.

चिठ्ठी शोधायची कुठे? स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' उघडा. 'कर्नल-पॉवर' नावाची, ४१ क्रमांकाची नोंद शोधा. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. म्हणून '४१ आलाय म्हणजे पॉवरचा प्रॉब्लेम' असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. त्या नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' नावाची ओळ असते, खरी बातमी तिथे असते. तिथे शून्य असेल तर बहुतेक वेळा चिठ्ठी नाही, वीज गेली. संगणक पूर्ण गोठल्यावर आपणच बटण दाबून धरून तो बंद केला असेल तरीही शून्यच दिसतं, म्हणून वही जवळ हवी. शून्याऐवजी एखादा आकडा असेल, तर विंडोजने स्वतः थांबायचं ठरवलं होतं. हे फारच किचकट वाटत असेल तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधून उघडा. तिथे दिवसवार तक्ता असतो आणि लाल फुल्या पाहून काय कधी झालं ते कळतं.

काकांच्या वहीत आठवड्यात पाच नोंदी झाल्या. चार संध्याकाळी पावणेसातच्या आगेमागे, एक रात्री अकराला. मी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पहिल्या दोन उघडून पाहिल्या, दोन्हींत शून्य. अकराची नोंद मी तेव्हा पाहिलीच नाही. चार एका बाजूला असताना पाचवीचा विचार कोण करतो! ही चूक पुढे महागात पडली.

पावणेसातला काय होतं ते काकूंनीच सांगितलं. "तेव्हा आपल्या सोसायटीचा पंप चालू होतो ना." पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. वायरिंग जुनं असलं की तेवढ्या वेळापुरतं घराघरातलं व्होल्टेज खाली बसतं, दिवे लुकलुकतात. पण काकांकडे तर यूपीएस होता. मग संगणक पडला का?

इथे जरा थांबून वीज संगणकात कशी उतरते ते पाहू. भिंतीतून २३० व्होल्ट येतात. डब्यातला एसएमपीएस त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो. १२च्या तारेत ११.४ ते १२.६ एवढाच फरक चालतो. सगळं ठीक असलं की एसएमपीएस एका करड्या तारेवरून मदरबोर्डला 'वीज बरोबर आहे' असा निरोप देत राहतो. हा निरोप तुटला, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत जरी तुटला, की मदरबोर्ड प्रोसेसरला जागच्या जागी थांबवतो. निरोप परत आला की पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे रीस्टार्ट. विंडोजला यातलं काहीच कळत नाही, म्हणून चिठ्ठी नाही.

एसएमपीएसमध्ये मोठे कपॅसिटर असतात, ते थोडी वीज साठवून ठेवतात. चांगल्या, नव्या एसएमपीएसमध्ये हा साठा पूर्ण भारावरही साधारण १६ मिलिसेकंद पुरतो. घरगुती यूपीएस बॅटरीवर जायला साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ घेतो. म्हणजे हिशेब बसतो. पण कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातात, साठा घटतो आणि हिशेब चुकायला लागतो. यूपीएसची बॅटरी तर दोन-तीन वर्षांची पाहुणी.

काकांच्या यूपीएसची बॅटरी सहा वर्षांची निघाली. हिरवा दिवा लागत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. गंमत बघा: व्होल्टेज खाली बसलं की यूपीएस भिंतीची वीज सोडून बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली असेल तर त्या क्षणी पुढे काहीच जात नाही. मोटरचा तो छोटा झटका एसएमपीएसने एकट्याने कदाचित सहज पचवला असता, मध्ये उभ्या असलेल्या राखणदारानेच घात केला. मेलेला यूपीएस नसलेल्यापेक्षा वाईट, असं मी म्हणतो ते यासाठी.

यूपीएस तपासायला संगणक वापरू नका. यूपीएसला जुन्या पद्धतीचे ६० वॅटचे दोन तारेचे बल्ब लावा आणि भिंतीतला प्लग काढा. बल्ब चार-पाच मिनिटं तरी जळत राहायला हवेत. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, तो इतकी कमी वीज खातो की मरणासन्न बॅटरीही पास होते. काकांकडे बल्ब जेमतेम दोन सेकंद टिकले. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नेहमीची बॅटरी होती, ती बदलली. यूपीएसवरून लेझर प्रिंटरची पिनही काढली. तो तापताना एवढी वीज ओढतो की छोट्या यूपीएसचा जीव जातो. पुढचे आठ दिवस पंप रोज चालू झाला आणि संगणकही चालू राहिला. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

नवव्या दिवशी रात्री पुन्हा फोन.

आता उघडली ती अकराची जुनी नोंद. बगचेककोड २६. म्हणजे त्या रात्री चिठ्ठी होती, मीच वाचली नव्हती. एका घरात दोन आजार होते आणि मोठ्याने धाकट्याला झाकलं होतं.

चिठ्ठी नीट वाचता यावी म्हणून एक टिक काढावी लागते. स्टार्ट मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढून टाका. आता विंडोज पडली की पडद्यावरचा मजकूर तसाच राहील. एरवी तो दोन सेकंद दिसतो आणि नाहीसा होतो. हा पडदा वर्षानुवर्षं निळा होता. विंडोज ११च्या २०२५मधल्या अपडेटपासून तो काळा झाला आहे. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा.

विंडोज असं का करते? आपण वापरतो ते प्रोग्रॅम प्रत्येक जण आपापल्या खोलीत असतात. एक पडला तरी बाकीचे चालतात. पण विंडोजचा गाभा आणि हार्डवेअर चालवणारे ड्रायव्हर एकाच मोठ्या खोलीत राहतात. तिथे कुणी भलत्याच जागी वाचलं किंवा लिहिलं तर पुढे तुमच्या फायलींत काय लिहिलं जाईल याचा भरवसा राहत नाही. त्यापेक्षा थांबलेलं बरं, असा तो निर्णय असतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने त्या खोलीत हेच केलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची फाइल काढायची. फक्त तो एकेका यंत्रापाशी जाऊन करावा लागला.

घरीही हाच धडा लागू पडतो. पडद्यावर दर वेळी तोच कोड आणि त्याखाली एखाद्या ड्रायव्हर फाइलचं नाव येत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर घ्या. अलीकडे काय बसवलं ते आठवा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केला असेल तर मागचा परत टाका. सेफ मोडमध्ये संगणक तासन्‌तास नीट चालला तर हा संशय आणखी पक्का होतो.

काकांकडे मात्र कोड दर वेळी वेगळा. आज 'मेमरी मॅनेजमेंट', परवा 'पेज फॉल्ट', नंतर तिसरंच. असं दिसलं की मी आधी रॅमकडे बघतो. खराब रॅममधला एखादा ठिपका शून्याचा एक करतो. त्या जागी त्या क्षणी ज्याचा डेटा असेल तो पडतो, म्हणून गुन्हेगार एकच असूनही नावं निराळी.

रॅम तपासायला विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, पण माझा विश्वास पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६वर जास्त. रात्री लावून झोपायचं. त्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करा. त्या सेटिंगमुळे रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा पुढे पळत असते, आणि कधी कधी आजार तेवढाच असतो. सकाळी एकही चूक दिसली तरी ती चूकच, 'शंभरात एक चालतं' असा हिशेब इथे नाही.

दुकानात रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने घासतात. मीही करतो, पण हलक्या हाताने, आणि चुरा नीट झटकून. आधी प्लग काढायचा, मग डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडायची. पट्टी बसवताना दोन्ही टोकांची 'टक' ऐकू यायला हवी. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. काकांकडे भागलं नाही. ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, त्या एकेक करून तपासल्या. एकीवर तासाभरातच लाल चुका दिसल्या. तीच दुसऱ्या खाचेत लावली, तिथेही लाल. म्हणजे दोष पट्टीचा, खाचेचा नव्हे. ही अदलाबदल केली नसती तर मदरबोर्डवर विनाकारण आळ आला असता.

उष्णतेचं थोडक्यात. प्रोसेसर तापून १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी हळू होतो, त्याहीपुढे तापत गेला की स्वतःला वाचवण्यासाठी सहसा सरळ बंद पडतो. त्यामुळे रीस्टार्ट न होता पूर्ण बंद होणं आणि तेही गेम खेळताना किंवा व्हिडिओ बनवताना, हे लक्षण असेल तर धूळ आणि पंखा पाहा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज उरलेली असू शकते. संशय आला तर ओळखीच्याचा चालू एसएमपीएस लावून पाहायचा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, आणि वहीत लिहून मगच दुसरी.

रॅमच्या पट्ट्यांना बऱ्याच कंपन्या दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात. काकांना बिल सापडलं नाही, पण पट्टीवरच्या स्टिकरवर सीरियल नंबर होता आणि तेवढ्यावर काम झालं. बदली पट्टी येईपर्यंत काकांनी उरलेल्या एका पट्टीवरच रिटर्न भरलं. संगणक जरा रेंगाळत होता, पण काम एका बैठकीत झालं, आणि तेही पावणेसातला.