जे उरले आहे त्याचे मोल

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभा असलेला शल्यविशारद हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. तोंडावर पांढरा पट्टा, हातांत रबरी मोजे आणि तासन्‌तास एका जागी खिळलेले पाय. परंतु १९५० नंतरच्या दशकात, तेव्हाच्या मद्रास राज्यातील वेल्लोर येथे, या चित्रात न बसणाऱ्या एक शल्यविशारद काम करीत होत्या. त्यांचे नाव डॉ. मेरी वर्गीस. कमरेखालच्या भागात त्यांना ना हालचाल होती, ना संवेदना. चाकांच्या खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रिया करीत आणि त्यांच्यासमोर टेबलावर असे तो कुष्ठरोगाने वाकडा झालेला एखाद्या गरीब माणसाचा हात.

असाध्य म्हणावे असे दुखणे किंवा कायमचे अपंगत्व घरात आले, म्हणजे त्या माणसाचे आणि त्याच्या कुटुंबाचे पुढे काय होते? बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी येऊन उभा राहतो. डॉ. वर्गीस यांचे चरित्र या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे, आणि ते केवळ धैर्याच्या गोष्टीपेक्षा अधिक काही सांगून जाते.

एका क्षणात बदललेले जग

मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीन येथील एका सुखवस्तू सीरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आल्या. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून उभारलेली ही संस्था १९१८ पासून स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण देत होती. पदवी घेऊन मेरी तेथेच काम करू लागल्या. वयाची तिशी अजून दूर होती आणि पुढचा मार्ग आखलेला होता.

१९५४ साली सहकाऱ्यांसह प्रवास करीत असताना त्यांची मोटार उलटली. चेहऱ्याला मोठी जखम झाली. ती जखम कालांतराने भरून येणारी होती. मज्जारज्जूला झालेली इजा मात्र भरून येणारी नव्हती. हाड मोडले तर ते सांधते, कातडी फाटली तर ती जुळते, पण पाठीच्या कण्यातून जाणारा हा मज्जेचा दोर एकदा तुटला की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोहोचत नाही आणि पायांची खबर मेंदूपर्यंत येत नाही. स्वतः डॉक्टर असल्यामुळे मेरींना याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अशा रुग्णाचे दुःख केवळ पाय गेल्याचे नसते. आपण आता कोणाच्याही उपयोगाचे उरलो नाही, ही जाणीव त्याहून अधिक पोळते. जी व्यक्ती कालपर्यंत दुसऱ्यांची नाडी पाहत होती, तिला आज कूस बदलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागावा, यासारखा मानभंग दुसरा नाही.

एक अनपेक्षित प्रश्न

त्या वेळी वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद काम करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने सडून गळतात, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. ती चूक असल्याचे ब्रँड यांनी दाखवून दिले. रोगजंतूंमुळे मज्जातंतू निकामी होतात, वेदना नाहीशी होते आणि वेदनेचा पहारा उठल्यावर तो हात चुलीवर भाजतो, कुलपाच्या किल्लीने कापतो, तरी धन्याला पत्ता लागत नाही. शिवाय तळहातातील लहान स्नायू लुळे पडल्यामुळे बोटे पक्ष्याच्या पंज्यासारखी आकसतात.

यावर त्यांनी योजलेला उपाय मोठा मार्मिक होता. तळहाताचे स्नायू गेले, तरी कोपर आणि मनगट यांमधील काही बळकट स्नायू या रोगातून बहुधा वाचलेले असतात. अशा एका निरोगी स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, सोडवून बोटांशी नेऊन जोडावयाची आणि गेलेल्या स्नायूचे काम तिच्याकडे सोपवावयाचे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे व्यायाम करावा लागे, कारण जुन्या स्नायूने नवे काम करावयाचे हे मेंदूलाही शिकावे लागते. या कष्टांनंतर पंज्यासारखा हात पुन्हा उघडे, घास उचले, हत्यार धरी.

जो नियम ब्रँड रुग्णांच्या हातांना लावीत होते, तोच त्यांनी मेरींच्या आयुष्याला लावला. डॉक्टर म्हणून आपण पुढे काय करणार याचा विचार आता करावयास हवा, असे त्यांनी अंथरुणास खिळलेल्या या तरुणीला सुचविले. मेरींना आरंभी ती थट्टाच वाटली. पण ब्रँड यांचा हिशेब सरळ होता. मेरींचे पाय गेले होते, बोटे नव्हे. वैद्यकीचे ज्ञान गेले नव्हते आणि नजरही शाबूत होती. हाताची शस्त्रक्रिया हे तर बसून करण्याजोगेच काम. मग अडचण कोठे होती?

अडचणी अर्थातच होत्या. ताठ बसणे हेच त्यांना नव्याने शिकावे लागले. कमरेखालच्या स्नायूंचा आधार नसताना तोल सांभाळावयाचा आणि त्याच वेळी हातांनी नाजूक काम करावयाचे, ही साधना काही एका दिवसाची नव्हे. तरीही त्या शस्त्रक्रियागृहात परतल्या. ज्यांना समाजाने गावाबाहेर काढले होते, त्या रुग्णांसमोर खुर्चीतून येणारी ही डॉक्टरीण उभ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी ठरली. तिच्या तोंडून निघालेल्या धीराच्या शब्दामागे तिचे स्वतःचे शरीर साक्षीला होते.

पुनर्वसनाचे शास्त्र

मेरी वर्गीस येथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव आदराने घेतले गेले असते. पण आपल्याला जे साधले ते योगायोगाने साधले, ही गोष्ट त्यांना बेचैन करीत होती. ब्रँड यांच्यासारखे गुरू आणि वेल्लोरसारखी संस्था पाठीशी नसलेल्या, झाडावरून पडलेल्या शेतमजुराने किंवा विहिरीत कोसळलेल्या गवंड्याने काय करावे?

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण जगभर कोठेही फार वर्षे जगत नसे. त्याचा जीव पाय गेल्याने जात नसे. तो जाई शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गातून मूत्रपिंडापर्यंत पोहोचणाऱ्या दोषाने. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडमध्ये आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे अशा जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्रमार्गाची निगा आणि अंग सावरताच काम व खेळ, हा त्यांचा परिपाठ होता. मरणाची वाट पाहणारे रुग्ण या शिस्तीने नोकरीधंद्याला लागले. १९४८ साली त्यांनी तेथे सुरू केलेल्या क्रीडास्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिकचा जन्म झाला.

हे नवे शास्त्र शिकण्यासाठी मेरी प्रथम रुग्ण म्हणून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेल्या आणि स्वतःची कामे स्वतः करण्याचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले. नंतर त्या शिकाऊ डॉक्टर म्हणून न्यू यॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत दाखल झाल्या. परतल्यावर १९६३ साली वेल्लोरच्या शारीरिक वैद्यक व पुनर्वसन विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९६६ साली तेथे स्वतंत्र पुनर्वसन संस्था उभी राहिली. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून अशी निवासी संस्था असणे ही भारतात तेव्हा अपूर्व गोष्ट होती. १९७२ साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आजही रुग्णांना आपल्या गावी, आपल्या घरी परत जाण्यासाठी तयार करीत आहे.

पाण्यातला सैनिक

असेच एक उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातील आहे. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक कण्यात शिरली आणि पाय निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले, आणि जमिनीवर अडलेल्या या देहाला पाण्याने वाट करून दिली. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. त्यांना पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. मुष्टियोद्ध्याच्या खांद्यांत जे बळ उरले होते, तेच येथे पायांचे काम करून गेले.

घराने काय करावे?

प्रत्येक रुग्ण सुवर्णपदक जिंकणार नाही, हे उघड आहे. तशी अपेक्षा ठेवणे हाही एक प्रकारचा जुलूमच होईल. कित्येकांना केवळ आजचा दिवस पार पाडण्यासाठी जे धैर्य लागते, त्याला कोणी पदक देत नाही. पण ज्या काही साध्या गोष्टींवर असा दिवस अवलंबून असतो, त्या मात्र घराच्या हाती असतात.

संवेदना गेलेल्या अंगाला दाब पडला तरी दुखत नाही, म्हणून घरच्यांनी त्याचा पहारा करावयाचा असतो. रुग्ण अंथरुणात असेल तर त्याची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी. खुर्चीत बसत असेल तर दर पाव-अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन त्याने अंग उचलावे. माकडहाड, नितंब आणि टाचा रोज पाहाव्यात. रुग्णाने स्वतः आरशात पाहण्याची सवय केली तर फारच उत्तम. कातडीवरचा लालसर डाग दाब काढूनही जात नसेल, तर तो क्षुल्लक समजू नये.

उंबरा आणि पायऱ्या हेही दुखण्याइतकेच मोठे शत्रू असतात. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार केला, तर खुर्ची ढकलणे सोपे जाते. शौचालयाच्या दारातून खुर्ची आत जात नसेल, तर औषधांइतकाच खर्च त्या दारावर करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आहे आणि सार्वजनिक इमारती सुगम करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. आपल्या गावची शाळा आणि कचेरी या कसोटीला उतरते का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

पण या सर्वांहून अवघड गोष्ट आहे ती माया आवरण्याची. “तू पडून राहा, मी करते,” हे आईचे वाक्य प्रेमाचे असते, पण दहा वेळा ऐकले की रुग्णाला ते आपल्या निरुपयोगीपणाचा निकाल वाटू लागते. भाजी निवडणे, घराचा हिशेब लिहिणे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणे, यांतले जे काम त्याला करता येईल ते त्याच्याकडेच असू द्यावे. ते हळू होईल, कदाचित वाकडेही होईल. तरी ते त्याचे असेल, आणि एखाद्या दिवशी राहून गेले तर घराला त्याची उणीव भासेल.

डॉ. मेरी वर्गीस यांना त्या काळी दया दाखविणारे पुष्कळ भेटले असतील. त्यांचे आयुष्य मार्गी लागले ते मात्र एका सहकाऱ्याने त्यांच्याकडे कामाची मागणी केल्यामुळे. आपल्या घरातील आजारी माणसाची विचारपूस करताना “आज कसे वाटते?” हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला “आज मला एवढे करून देशील का?” हेही एकदा विचारून पाहावे.