दादांची सायकल

दिवाळीआधी अडगळ उपसायची, हा आमच्या पुण्याच्या घरातला जुना रिवाज. गेल्या वर्षी जिन्याखालचा ढीग हलवला आणि दादांची सायकल बाहेर आली. १९६४ साली त्यांनी ती नवी घेतलेली. काळी, २८ इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तिच्यावरूनच जात. सायकलकराचा पत्र्याचा बिल्ला अजून चिमट्याला लटकत होता.

“भंगारवाल्याला बोलाव,” दादा म्हणाले.

कारण सर्वांना ठाऊक होते. २०१४ च्या पावसाळ्यात उतारावर ब्रेक लागला नाही आणि पंचाहत्तरीतले दादा पडले. खुब्याचे हाड मोडले. त्याआधी पंधरा दिवस ते मला सांगत होते, ब्रेकची रबरे झिजली आहेत, बदलून आण. मी म्हणत होतो, “रविवारी बघू.” तो रविवार काही उगवला नाही.

इकडे चिरंजीवांना कॉलेजसाठी सायकल हवी होती. त्यांनी हेरून ठेवलेली गिअरची सायकल २५,००० रुपयांची. मी छाती पुढे काढून म्हटले, “३,००० रुपयांत हीच उभी करतो!”

“आधी तो पंख्याचा रेग्युलेटर उभा करा,” सौ. म्हणाल्या.

पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे सायकल ढकलत नेली. नवा रंग केवढ्याला पडेल, हा माझा पहिला प्रश्न. ते सांध्यांवरून बोटे फिरवीत होते. “सांगाडा सरळ आहे, कुठे चीर नाही. तो वाकडा असता तर पैसासुद्धा घालू नका म्हटले असते. रंगाचे शेवटी बघा. रंगाने गाडी थांबत नाही, साहेब.”

पैसे वाचवायचे म्हणून खोलण्याचे काम मी घरी घेतले. डावे पायडल उलट्या आट्याचे असते, हे कळेपर्यंत तळहाताची साल गेली. मग कॉटर पिन. नट काढून मी टुकटुक हातोडी मारत बसलो, तर पिनीचे टोक फेंगडे झाले! मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूची पिन दाखवून काढली: नट टोकापर्यंत सैल करून तसाच ठेवायचा, खालून लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्यायचा आणि एकच जोरकस घाव घालायचा.

मागच्या चाकात दर बाजूला पाव इंची नऊ छर्रे. त्यांतले दोनच खराब होते, पण मिस्त्रींनी सगळे बदलायला लावले. जुने झिजून बारीक झालेले असतात. त्यांत नवे मिसळले की सारा भार नव्यांवर येतो.

खरी सुधारणा झाली ती फ्रीव्हीलची. पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाई. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले, आता साडेचार मीटर जाते. वेग थोडा कमी झाला, पण चढाला पाय हलका पडतो. गरिबाचा गिअर म्हणा ना!

ब्रेकच्या सळया सरळ केल्या, चारही रबरे नवी घातली. लोखंडी रिम भिजली की नवे रबरही घसरते. म्हणून पावसात ब्रेक लवकर आणि हलके दाबत राहायचे, हे चिरंजीवांकडून दहादा घोकून घेतले. रिमचा गंज मात्र सौं.च्या स्वयंपाकघराने घालवला. पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियमच्या कागदाचा ओला बोळा घासला आणि चाक लखलखले.

एकूण खर्च २,८६० रुपये. निम्म्याच्या आसपास टायर-ट्यूबांनीच खाल्ले. उरलेल्यात फ्रीव्हील, साखळी, रबरे, छर्रे, पिना आणि मजुरी. रंगाला काहीच उरले नाही, आणि बरेच झाले. दांडीवरचा तो घासलेला पट्टा माझ्या लहानपणच्या बैठकीचा आहे.

वसुबारसेच्या सकाळी दादा काठी टेकीत अंगणात आले. त्यांनी ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहिली. चाके जागची हलली नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा ढकलून पाहिली.

“सहा महिन्यांनी रबरे परत बघावी लागतील,” ते म्हणाले.

“रविवारी बघू, आजोबा!” चिरंजीव टांग मारता मारता ओरडले.

मी काही बोललो नाही. घरात गेलो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली.