६२५ या आकड्याचे रहस्य

कलाशाखेच्या अंकात जंतूंची कथा कशाला, असे कुणी म्हणेल. पण दाढेला पू झाला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘६२५’ हा आकडा आपल्यालाही भेटतोच. त्यात ५०० मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातले औषध असते. उरलेले १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जवळजवळ एकही जंतू मारत नाही. मग ते कशासाठी?

पेनिसिलिनशी पुणेकरांची ओळख जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला, तो याच औषधासाठी. पेनिसिलिनचे बळ त्याच्या रेणूतील चार अणूंच्या एका कड्यात असते. जंतू ज्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साहाय्याने आपली भिंत विणतो, त्यालाच हे कडे जखडून टाकते. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसल्याने त्या वाचतात.

परंतु काही जंतूंजवळ बीटा-लॅक्टमेज नावाचे दुसरे विकर असते. ते हे कडेच फोडून टाकते. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्यापूर्वीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट नोंदविली होती.

येथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल कामी येते. एका जीवाणूपासून मिळणाऱ्या या द्रव्यातही तसेच कडे असते. विकर त्यावर झडप घालते, कडे फुटते. पण तुकडे विकराच्या तोंडातच अडकून बसतात. विकर निकामी होते आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनला वाट मोकळी मिळते. १९८१ साली ही जोडी ब्रिटनमध्ये बाजारात आली.

जंतूही स्वस्थ बसले नाहीत. २००९ साली वर्णन झालेले, नवी दिल्लीचे नाव लागलेले एनडीएम-१ हे विकर जस्ताच्या साहाय्याने कडे फोडते आणि तुकड्यांत अडकत नाही. चेन्नईत शोध लागलेल्या एन्मेटाझोबॅक्टम या नव्या साथीदाराला २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली; पण जस्ताच्या विकरापुढे त्याचेही चालत नाही.

म्हणून मित्रहो, वसतिगृहात कुणाला सर्दी-ताप आला की उरलेली ६२५ पुढे करण्याची आपली रीत सोडली पाहिजे. सर्दी विषाणूंमुळे होते. त्यांना मुळी भिंतच नसते. गोळीने सर्दी जात नाही. पोटातले साधे जंतू मात्र मरतात आणि कडे फोडणारे तेवढे मागे उरतात. पुढे खरोखरीच गरज पडेल, तेव्हा गाठ त्यांच्याशी असेल.