डोमेन हलवलं की वेबसाइट बंद पडते?

‘रजिस्ट्रार बदलला तर साइट दोन दिवस बंद राहील, मेलही जातील.’ या धास्तीपायी कितीतरी छोटे व्यावसायिक दरवर्षी चढ्या दराने नूतनीकरण करत राहतात. याचं वाईट वाटतं, कारण धास्तीत तथ्य फार थोडं आहे. मोबाइल पोर्ट केला तरी नंबर तोच राहतो, तसंच हे. ट्रान्सफरमध्ये तुमच्या नावाची नोंद सांभाळणारी कंपनी तेवढी बदलते. फाइली होस्टिंगवर असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. डोमेनचा पत्ता सांगणारे नेमसर्व्हरही एरवी तेच राहतात.

साइट बंद पडते ती बहुधा एकाच चुकीमुळे. तुम्ही जुन्या कंपनीचे फुकट मिळालेले नेमसर्व्हर वापरत असाल, तर डोमेन गेल्यावर ती ते बंद करू शकते. साइट उघडत नाही हे लगेच कळतं. मेल येणं मात्र गुपचूप थांबतं आणि चौकशा का येत नाहीत हे समजायलाच काही दिवस जातात. म्हणून आधी डीएनएसचं पान उघडा. ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी, प्रत्येक ओळ नव्या जागी जशीच्या तशी उतरवा. डीएनएससेक ही डीएनएसची सुरक्षा-सोय चालू असेल तर बंद करा. मग नेमसर्व्हर वळवा, दोन दिवस साइट आणि मेल तपासा, आणि त्यानंतरच ट्रान्सफर सुरू करा.

उरलेले महिनेही सहसा बुडत नाहीत. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गच्या ट्रान्सफर शुल्कात एक वर्ष वाढून मिळतं आणि ते शिल्लक मुदतीला जोडलं जातं. एकूण मुदत १० वर्षांपलीकडे जात नाही, एवढंच.

‘जुनी कंपनी सोडणारच नाही’ हेही खरं नाही. डोमेन-नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनुसार, ट्रान्सफरसाठी लागणारा ऑथ कोड मागितल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. नवी नोंदणी किंवा आधीची ट्रान्सफर होऊन ६० दिवस झाले नसतील, तर मात्र थांबावं लागतं. डॉट इनची व्यवस्था निक्सीकडे आहे, तिथले नियम वेगळे पाहावेत.

खरी अडचण वेगळीच असते. साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. बिल तुम्ही भरलं असलं, तरी नोंदीत मालक तोच. आजच लॉगिन करून नोंदणीधारकाचं नाव पाहा, आणि ते त्याचं असेल तर संबंध चांगले आहेत तोवर आपल्या नावावर करून घ्या.