जैसलमेर : गड पाहा, मुक्काम खाली करा

वाळवंटातल्या किल्ल्याला धोका पाण्याचा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण ११५६ मध्ये रावळ जैसलने उभारलेला हा पिवळ्या दगडाचा किल्ला भिजूनच खचतो आहे. त्रिकूट टेकडीच्या पोटात वालुकाश्माबरोबर चिकणमातीचे थर आहेत. गडीसर तलावाचं पाणी डोक्यावरून वर न्यावं लागे, तेव्हा ते जपूनच वापरलं जाई. मुरायला उरणार काय? पुढे नळ आले, मग पर्यटकांसाठी खोलीगणिक न्हाणीघरं. गळकं सांडपाणी मातीत उतरलं, पाया ढिला झाला आणि ९९ बुरुजांपैकी काही ढासळले. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव लागलं म्हणून गळती थांबत नसते.

गडावर आजही वस्ती आहे. मुक्कामी पाहुणे गेले तर तिने खायचं काय? प्रश्न रास्तच आहे. पण पाहुण्याचा पैसा वर पोचायला त्याची आंघोळ तिथेच व्हायला हवी असं थोडंच आहे! जैन मंदिरांतलं कोरीवकाम, राजमहाल, जेवण आणि खरेदी यांत अख्खा दिवस जातो, आणि तो खर्च गडावरच होतो. पटवांच्या पाच हवेल्या आणि गडीसर तर गडाखालीच आहेत. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.