विद्वत्सभा आणि संशोधकाचा आधार : लखनौच्या पॅलिओबॉटॅनिकल सोसायटीचे उदाहरण

विकसनशील देशांतील संशोधकाला साहाय्य करायचे म्हटले की प्रथम शिष्यवृत्ती, प्रवासखर्च आणि उपकरणे यांचा विचार होतो. ही साधने आवश्यक आहेतच. परंतु ज्ञानशाखेचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय आधार कोणता द्यावा, हे ठरविता येत नाही. काही शाखांत संशोधकाची खरी अडचण द्रव्याची नसून तुलनेच्या साधनांची असते. पुरावनस्पतिविज्ञान ही अशीच एक शाखा होय. लखनौ येथे या शाखेच्या विद्वत्सभेने काय केले, हे पाहिले असता वैज्ञानिक साहाय्याचा एक वेगळा अर्थ ध्यानात येतो.

लखनौचा चौक हा भाग चिकनकाम आणि अत्तरे यांसाठी प्रसिद्ध आहे. आधुनिक विज्ञानशिक्षणाचे शहरातील एक आरंभस्थानही याच भागात आहे. येथील किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय १९११ मध्ये सुरू झाले व १९२१ मध्ये नव्या लखनौ विद्यापीठाचे अंग बनले. त्याच वर्षी, गोमतीच्या पैलतीरावरील या विद्यापीठात बीरबल साहनी (१८९१–१९४९) वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. केंब्रिज येथे ए. सी. स्यूअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते.

साहनींपुढील प्रश्न नीट समजण्यासाठी जीवाश्मांच्या अभ्यासाची रीत पाहावी लागेल. खडकात सापडलेले पान, खोड वा फळ कोणत्या जातीचे, हे ते पूर्वी वर्णिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहूनच ठरते. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन केले जाते, त्यास ‘प्ररूप’ म्हणतात. प्ररूप जेथे जतन केलेले असते, तेथे अभ्यासकाला जावे लागते. एकोणिसाव्या शतकात भारतातील गोंडवन खडकांतील वनस्पतींची वर्णने मुख्यतः ओल्डहॅम, मॉरिस, फाइस्टमांटेल या युरोपीय अभ्यासकांनी केली. जीवाश्म येथल्या भूमीतील असले, तरी ते ओळखण्याची साधने आणि अधिकार भारतीय अभ्यासकाच्या हाती नव्हते.

मराठी मुलुखाच्या सीमेवरील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०२३ पूर्वीच्या छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर व मोहगाव कलान या परिसरात दख्खनच्या लाव्हाथरांच्या दरम्यान साचलेल्या गाळात सिलिकामय झालेल्या वनस्पती आढळतात. त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. सौंसर परिसरातील अझोला या पाणनेच्याच्या जीवाश्माचे वर्णन साहनी व एच. एस. राव यांनी १९३४ मध्ये केले. मोहगाव कलानच्या वनस्पतींवर साहनी व के. पी. रोडे यांचा निबंध १९३७ मध्ये आला. स्थानिक भूवैज्ञानिकाने जमविलेला नमुना आणि लखनौतील तुलनात्मक अभ्यास यांचा संयोग झाला, म्हणूनच हे कार्य देशातच सिद्धीस जाऊ शकले.

हा संयोग व्यक्तिगत ओळखींवर अवलंबून राहू नये, हे साहनींनी ओळखले. १९३९ मध्ये भारतातील पुरावनस्पतिवैज्ञानिकांची समिती स्थापन झाली. तिच्या वतीने देशभरातील कामाचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. १९४६ मध्ये पॅलिओबॉटॅनिकल सोसायटी अस्तित्वात आली. बीरबल व सावित्री साहनी यांनी आपला जीवाश्मसंग्रह, ग्रंथालय, मालमत्ता व निधी तिच्या कार्यासाठी अर्पण केला. सोसायटीने त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी संशोधनसंस्था स्थापन केली. वैयक्तिक संग्रहाचे सामाईक संग्रहात झालेले हे रूपांतर हेच सोसायटीचे पहिले आणि सर्वांत मोलाचे साहाय्य होते.

३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. निरनिराळ्या भूयुगांतील जीवाश्म त्या शिलेत जडविले होते. त्यानंतर आठवडाभरातच साहनींचे निधन झाले. एका व्यक्तीच्या विद्वत्तेवर उभे राहिलेले कार्य तिच्या मागे टिकेल काय, हा प्रश्न आता प्रत्यक्ष उभा राहिला. सावित्री साहनी यांनी ते कार्य नेटाने पुढे नेले. १९५१ मध्ये युनेस्कोच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली ओस्लो विद्यापीठाचे प्रा. ओ. ए. ह्योग संचालक म्हणून आले. १९५३ मध्ये ते परतले, तेव्हा संस्थेची सूत्रे डॉ. के. आर. सुरंगे यांच्याकडे आली. परदेशी तज्ज्ञ थोड्या काळासाठी आला. पण संग्रह, ग्रंथालय आणि शिष्यवर्ग अगोदरच येथे असल्याने त्याच्या येण्याचा लाभ त्याच्या जाण्यानंतरही उरला. बाह्य साहाय्य रुजण्यासाठी स्थानिक भूमी तयार असावी लागते, ती अशी.

१९५२ पासून ‘द पॅलिओबॉटॅनिस्ट’ हे नियतकालिक निघू लागले आणि भारतीय नमुन्यांची वर्णने भारतातूनच प्रसिद्ध होण्याची सोय झाली. १९६९ मध्ये संस्था सोसायटीपासून वेगळी नोंदविली गेली. वेतन, प्रयोगशाळा व इमारती यांचा भार शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने उचलला. सोसायटीकडे विद्वत्सभेचे मूळ कार्य उरले. ‘जिओफायटॉलॉजी’ हे तिचे नियतकालिक १९७१ मध्ये सुरू झाले.

जागतिक पातळीवर अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये त्रिएस्त येथे स्थापन झालेली विकसनशील देशांच्या विज्ञानाची अकादमी संशोधन-अनुदाने व अधिछात्रवृत्त्या देत आली आहे. भारतात २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेस तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची मान्यता दिली; तिच्यामुळे सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय विद्यापीठे व महाविद्यालयांस खुली होण्याची वाट मोकळी झाली. निबंधांची टंचाई यामुळे कमी होईल. मात्र पडद्यावर वाचलेले वर्णन हे हाती घेतलेल्या प्ररूपाची जागा घेऊ शकत नाही. सौंसरच्या ओढ्यात जीवाश्म सापडलेल्या महाविद्यालयीन अध्यापकाला आजही तो ताडून पाहण्यासाठी संग्रह हवा, पातळ काप करण्याची सोय हवी आणि ‘ही ओळख चुकीची आहे’ असे निःसंकोच सांगणारा सहाध्यायी हवा. हे तिन्ही पुरविणे आणि दूरच्या गावातील अभ्यासकासाठी त्यांचे दार उघडे ठेवणे, हे विद्वत्सभेचे कर्तव्य होय. अनुदानाची मुदत संपते. जतन केलेला संग्रह मात्र पुढच्या पिढीतील, अद्याप अज्ञात असलेल्या संशोधकालाही उपयोगी पडतो.