हे दवाखान्यातून घरी आले, आता?

डिस्चार्ज मिळाला, की आपण काय करतो? देवापुढे साखर ठेवतो, आणि घरातली साखर कुलपात घालतो! हसू नका. मी स्वतः हेच केलं आहे.

आमच्या ह्यांचा मधुमेह बारा वर्षांचा. त्यात हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी होऊन सहाव्या दिवशी घरी आले. मी अशी काही धास्तावले होते, की भात बंद, बटाटा बंद, चार वाजताचं खाणं बंद. तीन पोळ्यांची एक पोळी केली. इन्शुलिन आणि गोळ्या मात्र कागदावर लिहिल्याप्रमाणे, अगदी घड्याळ लावून.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला हे एकाएकी माझ्यावर खेकसले. बोलणं तुटक, अंगाला दरदरून घाम. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. पुन्हा झटका! शेजारच्या वहिनी नर्स आहेत, त्या धावत आल्या आणि आधी बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४. रक्तातली साखर उतरली होती, आणि ती मीच उतरवली होती.

मैत्रिणींनो, साखर वाढण्याची भीती आपल्याला सगळेजण घालतात. उतरण्याची कुणी घालत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात पूर्ण गेली आणि अन्न निम्मंच गेलं, तर साखर खाली येणारच. हृदयाला आधीच दुखापत झालेली असताना हे परवडत नाही. तेव्हा जेवण कमी करायचं ठरलं, की डॉक्टरांना तसं सांगा आणि औषधाचं प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. एकादशी-चतुर्थीचंही तेच. ‘फराळ आहेच की’ म्हणून परस्पर उपास करू देऊ नका.

आकडा ७०च्या खाली आला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या. चॉकलेट, बर्फी नको. त्यातल्या तुपा-स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. जेवणाला अवकाश असेल तर वर अर्धी पोळी द्या. मशीन नसेल आणि शंका आली, तरी साखर द्यावी. तेवढ्याने मोठं नुकसान होत नाही. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

आणखी एक गोष्ट मला वहिनींकडून कळली. झटक्यानंतर पुष्कळांना ‘बीटा ब्लॉकर’ जातीची गोळी असते. तिच्यामुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर जाणवेनाशी होते. घाम मात्र लपत नाही. म्हणून घामाकडे लक्ष ठेवायचं.

पण घाम आला आणि साखर ठीक निघाली, तर? मग ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. जुन्या मधुमेहात नसा बोथट होतात, झटका येऊनही छातीत दुखतच नाही. नुसता घाम, धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा. अशा वेळी, आणि छातीत दुखलं किंवा दम लागला तर साखर तपासत न बसता, थेट दवाखाना.

औषधांचा डबा एकदा ओट्यावर पालथा करा. जुन्या आणि नव्या पट्ट्यांत तेच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघतं. माझ्याकडे निघालं! सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. स्टेंट बसवलेला असेल तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी. कारल्याचा रस सुचवणाऱ्या आत्याबाईंना चहा द्या, हवं तर कारल्याची भाजीही वाढा, पण गोळ्या सोडू नका.

ताटाचं म्हणाल तर अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. उरलेल्यात निम्मी डाळ-उसळ, निम्म्यात भाकरी किंवा भात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, आणि लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं. ‘कमी सोडियमचं’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ते बाधतं. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायांवर सूज दिसली, तर अंगात पाणी साठत असेल, डॉक्टरांना कळवा. पावलं, बोटांच्या बेचक्या रोज बघायच्या.

आता जरा नाजूक बोलते. मी पोलिसीण झाले होते. प्रत्येक घासाला ‘अहो, पुरे!’ परिणाम? कोपऱ्यावरच्या टपरीवर साखरेचा चहा सुरू झाला, तोही चोरून. आणि रात्री अंधारात छताकडे बघत पडलेले असायचे. एकदा रडले. पुरुष माणूस रडला की आपण घाबरून विषय बदलतो; मी त्या दिवशी नाही बदलला. झटक्यानंतर मन खचतं, त्यालाही उपचार असतात. दोन-तीन आठवडे हे चाललं, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

वही आता हेच लिहितात: साखर, रक्तदाब, वजन. मी फक्त बघते. ताट दोघांचं एकच, त्यामुळे माझंही वजन उतरलं, हे जाता जाता!

साखरेचा डबा पुन्हा फळीवर आला आहे. संध्याकाळी फिरायला निघताना मी एवढंच विचारते, “ग्लुकोजची पुडी घेतलीत ना?” हे खिसा थोपटून दाखवतात.